चौकोनांवरच्या लाल खुणा

बरकतपुरा, हैदराबाद

प्रिय अप्पा,

वडिलांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' लिहायचं आणि खाली शिरसाष्टांग नमस्कार घालायचा, हे तुम्हीच शिकवलंत. तरी मी 'प्रिय' लिहिलंय. तीर्थरूप लिहिलं की पुढे खरं बोलायचं धाडस होत नाही, आणि आज मला खरंच बोलायचं आहे. तुम्ही शेजारच्या खोलीत आहात. भिंतीपलीकडून तुमच्या रेडिओचा आवाज येतोय. मराठी बातम्या संपून तेलुगू गाणी सुरू झाली तरी तुम्ही तो बंद केलेला नाही. एका घरात राहून पत्र लिहायची वेळ यावी, हे काही बरं चाललेलं नाही. पण दिवाळीपासून आपण दोघं चहा, जेवण आणि डोळ्यांचे थेंब एवढ्यावरच बोलतो. मी दुसरा विषय काढला की तुम्ही 'असू दे' म्हणता आणि तोंड खिडकीकडे वळवता. हे पत्र तुमच्यापर्यंत कधी पोचेल, मुळात पोचेल का, मला माहीत नाही.

आई गेल्यावर विद्यानगरचं घर बंद करून तुम्ही आमच्याकडे आलात, तेव्हा तुमच्या सामानात कपड्यांची एक बॅग होती आणि लाल पेनांनी भरलेला बिस्किटांचा डबा. जन्मभर शाळेत मराठी शिकवलंत, वर हैदराबादेतल्या निम्म्या मराठी मंडळींच्या स्मरणिका, पुस्तकं आणि लग्नपत्रिकासुद्धा तपासून दिल्यात. तुम्हाला स्वस्थ बसवणारच नव्हतं. मी तेव्हा घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करायची, माउसने एकेक ओळ ओढत. तुम्ही दहाव्या पानावर दोन शब्द वाढवलेत की पुढचं सगळं पुस्तक सरकायचं आणि मी रडकुंडीला यायची. ते बघून तुमच्या जावयाने, मिलिंदनेच मला कमांडवर चालणारा प्रोग्रॅम शिकवला. मजकूर एका साध्या फाइलमध्ये ठेवायचा, पान कसं दिसावं याचे नियम दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचे, आणि काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करून एंटर दाबायचं. ओळी जुळवणं, पानं पाडणं, अनुक्रमणिका लावणं हे सगळं तो करतो आणि छापायला तयार पीडीएफ काढून देतो.

तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते पाहिलंत आणि म्हणालात, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. खिळे जुळवणारा जुळारी कधी पानाला हात न लावता पान लावतो का? मग मी एक परिच्छेद मुद्दाम काढून टाकला, कमांड चालवली, आणि तुमच्या हातातला चहा संपायच्या आत सगळं पुस्तक नव्याने लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात आणि नियम सांगायला लागलात. शीर्षक पानाच्या तळाशी एकटं सोडू नकोस, त्याच्या सोबतीला दोन ओळी तरी हव्यात. खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला लागू देऊ नकोस. आणि तुमचा सगळ्यात लाडका नियम, माणसाचं नाव दोन ओळींत मोडायचं नाही. मी प्रत्येक नियम त्या नियमांच्या फाइलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये घातला. स्क्रिप्टमध्ये दोन आडव्या रेघांपुढे लिहिलेलं यंत्र वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. तिथे मी लिहीत गेले, 'अप्पा म्हणतात, नाव मोडू नये.' तुम्ही खूश होतात. हा विद्यार्थी बरा आहे म्हणालात, एकदा सांगितलं की विसरत नाही, तुझ्यासारखा नाही.

त्यानंतरची वर्षं माझी फार चांगली गेली, अप्पा. सकाळी मी छापील पानांचा गठ्ठा तुमच्या टेबलावर ठेवायची. तुम्ही अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ऑफिसला बसावं तसे बसायचात. संध्याकाळी शेवटच्या पानावर 'वाचलं.' आणि सहीपुरता एकनाथमधला 'ए.' लिहून गठ्ठा परत यायचा. ते दोन शब्द असल्याशिवाय मी एकही पुस्तक छापखान्यात पाठवलेलं नाही. मग तुम्ही एकदा म्हणालात, जरा मोठं काढ. त्यात काय अवघड होतं? कमांडमध्येच अक्षराच्या आकाराचा आकडा असतो. चौदाचा सोळा केला. मग अठरा. मग चोवीस. वय झालं की असंच असतं, असं मी धरून चालले. त्याच काळात तुमच्या दुरुस्त्या कमी होत गेल्या आणि मी मूर्खासारखी मनात खूश झाले. मला वाटलं, माझी स्क्रिप्ट इतकी पक्की झाली की अप्पांना चूक सापडत नाही.

नामदेवरावांचं पुस्तक आलं ते पावसाळ्याच्या शेवटी. तुमचे इतक्या वर्षांचे मित्र, बीदरकडच्या शेतकरी घरातून हैदराबादला आले, वीज खात्यातून निवृत्त झाले आणि आठवणी लिहून बसले. त्यातलं एक प्रकरण त्यांच्या बायकोवर, मीनाकाकूंवर होतं. काकू गेल्यावर लिहिलेलं. ते प्रकरण वेगळं दिसावं, हाताने लिहिल्यासारखी वळणदार अक्षरं असावीत, एवढीच त्यांची हौस होती. मी तसा फॉन्ट आणला आणि नाव घातलं दुसऱ्याच फॉन्टचं, ज्याच्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. या प्रोग्रॅमची एक खोड आहे. अक्षर सापडलं नाही म्हणून तो थांबत नाही. तिथे रिकामा चौकोन छापतो, नोंदींच्या फाइलमध्ये कुठेतरी तळाशी तक्रार लिहून ठेवतो आणि पडद्यावर पानं तयार झाली म्हणून सांगतो. मी नोंदी उघडल्या नाहीत. कशाला उघडू, अप्पा बघणारच आहेत. छापलं आणि गठ्ठा तुमच्या टेबलावर ठेवला.

तो परत आला तेव्हा मी दुपारी निवांत दुरुस्त्या घालायला बसले. मीनाकाकूंचं प्रकरण उघडलं तर पानभर चौकोन. एकही अक्षर नाही, नुसते रिकामे चौकोन, ओळीमागून ओळ. आणि त्यांच्यावर तुमच्या लाल खुणा. एका चौकोनाखाली जोडून घे म्हणून कंस. एके ठिकाणी अंतर कमी कर. समासात तुमच्या तिरप्या अक्षरात 'ऱ्हस्व'. प्रत्येक पानावर दोन-तीन, अगदी बेताच्या, खऱ्या मुद्रितात असतात तशा. शेवटी 'वाचलं. ए.' मला आधी हसू आलं. वाटलं, माझी फजिती करताय. मग मी आधीची प्रकरणं उलटून पाहिली. तिथेही खुणा धडधाकट शब्दांवर पडल्या होत्या आणि माझ्या खऱ्या चुका जिथल्या तिथे होत्या. नातीचं, स्नेहाचं मराठी सुधारावं म्हणून तुम्ही तिच्याकडून रोज पेपर वाचून घेत होतात, मी कौतुकाने बघत होते. चहाचा कप मी हातात दिल्याशिवाय तुम्ही घेत नव्हतात. दाराच्या चौकटीला हात लावून आत येत होतात. सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

त्याच दिवशी तुम्हाला विचारायला हवं होतं. मिलिंद तेच म्हणाला, आत्ता उठ आणि डॉक्टरकडे ने. मी म्हटलं, दोन दिवस थांब. दोन दिवसांचे किती झाले, मी मोजले नाहीत. मी फॉन्ट दुरुस्त केला, सगळं पुस्तक स्वतः डोळ्यांत तेल घालून वाचलं, चुका काढल्या आणि नव्याने छापून तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही पुन्हा लाल खुणा केल्यात. गठ्ठा देताना म्हणालात, आता बरं आहे. मी म्हटलं, हो, आता छान झालंय. मग दुसरं पुस्तक आलं. मी ते आधी गुपचूप तपासायची, मग तुमच्यापुढे ठेवायची. तुम्ही दिवसभर पानं उलटायचात. स्वयंपाकघरातून मला तो पानांचा आवाज ऐकू यायचा.

नामदेवराव दिवाळीच्या आधी आले, ते आठवल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. तुम्ही दोघं सोफ्यावर बसला होतात. ते थट्टेच्या मूडमध्ये होते. एकनाथरावांनी आमच्या किती चुका पकडल्या, जरा दाखवा तरी म्हणाले. मी चहा टाकत होते. स्नेहा उठली आणि कपाटातून लाल खुणांचा जो गठ्ठा हाताला लागला तो घेऊन आली. तिची काही चूक नाही, तो गठ्ठा मी फाडून टाकायला हवा होता. मला फाडवला नाही. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ते मीनाकाकूंच्या प्रकरणावर थांबले होते. मग अगदी हळू म्हणाले, "एकनाथराव, ह्याच्यात अक्षरंच नाहीत ना हो. रिकामे चौकोन आहेत. खाली डब्बे हैं."

मग त्यांना काय झालंय ते कळलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने सावरून घेतलं. कंप्यूटरचं काहीतरी लफडं झालं असेल, परेशान नक्को होऊ म्हणाले, आणि गठ्ठा मिटून मांडीखाली सारला. इतका बोलका माणूस, चहा तसाच ठेवून गेला. ते गेल्यावर तुम्ही माझ्या दिशेला तोंड केलंत. बरोबर माझ्याकडे नाही, थोडं डावीकडे, जिथे मी आधी उभी होते.

"तुला हे ठाऊक होतं?"

मी हो म्हटलं.

"मग मला काम कशाला देत होतीस?"

मी नामदेवरावांचा तसाच राहिलेला कप उचलला. तुम्ही उठलात, भिंतीला हात लावत खोलीत गेलात, आणि लाल पेनांचा डबा तेव्हापासून टेबलावर नाही. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि काचबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, फार पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उजव्या डोळ्यात खिडकीचा उजेड कळण्याइतकी उरलीय तेवढी थेंब घालून राखायची. त्यांनी विचारलं, याआधी कुणी सांगितलं नव्हतं का? तुम्ही म्हणालात, सांगितलं होतं, दिलसुखनगरच्या एका डॉक्टरने. एकटे रिक्षा करून गेला होतात. आम्हाला म्हणाला होतात की नामदेवरावांकडे जातोय. मी तिथे तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून ते ऐकलं. मला तुमचा राग आला, अप्पा, फार राग आला. आणि मग लक्षात आलं की मीही तेच केलं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इतके दिवस शोधतेय. खरं सांगू? दया आली म्हणून देत होते, हे खोटं नाही. ते तुम्हाला बरोबर कळलं, आणि तेच लागलं. पण तेवढंच नव्हतं. मला भीती वाटत होती. मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही अंघोळ कशासाठी केली असतीत, सदरा कशासाठी घातला असतात? आई गेल्यावर तुम्हाला त्या टेबलाने उभं केलं होतं. ते टेबल मी कसं काढून घेऊ? आता ते गेलंच आहे आणि मला जी भीती होती तेच मी रोज बघते आहे. तुम्ही दुपारपर्यंत पलंगावर असता. दाढी वाढलीय. रेडिओवर जे लागेल ते लागू देता. परवा ताटात काय काय आहे ते मी सांगत होते, तर म्हणालात, काय आहे त्याने काय फरक पडतो. पोळीचा पहिला घास घेऊन कणीक सैल झालीय म्हणणारे तुम्ही. माझे वडील माझ्या घरात असून हळूहळू संपत चाललेत आणि मला काही करता येत नाही, असं वाटून मला सकाळी उठावंसंच वाटत नाही.

त्यातच परवा स्नेहाने मला एक गोष्ट सांगितली. तुम्ही तिला कुणाला सांगू नकोस म्हणाला होतात, पण पोरीच्या पोटात किती दिवस राहणार? उन्हाळ्यात तिला काहीतरी वाचून दाखवताना एका ओळीत दोनदा अडखळलात तेव्हा तिने विचारलं होतं, आजोबा, तुम्हाला सीरियसली दिसत नाही ना? तुम्ही म्हणालात, मी थांबलो तर तुझी आई हे काम सोडेल, कुठेतरी नोकरी धरेल, तिला फक्त निमित्त हवंय. म्हणजे मी तुमच्यासाठी कागद ठेवत होते आणि तुम्ही माझ्यासाठी त्यावर खुणा करत होतात. दोघंही एकमेकांना सांभाळत होतो आणि मधल्यामध्ये नामदेवरावांची मीनाकाकू चौकोनांत अडकून पडली. हे ऐकून मी बाल्कनीत जाऊन रडले. खूप दिवसांनी जरा बरंही वाटलं.

मी काम सोडलेलं नाही. नामदेवरावांचं पुस्तकही छापलं नाही, ते थांबलंय. ते फोनवर म्हणाले, एकनाथराव 'वाचलं' म्हणेपर्यंत घाई नको. दुसरी कामं मी करते आणि रोज तुमचे नियम त्या काळ्या खिडकीत चालतात. तुम्ही पलंगावर पडून असता आणि इथे एकाही माणसाचं नाव मोडत नाही. पण नियम म्हणजे वाचणं नव्हे. यंत्राला सांगितलेलं कळतं, वाक्य कुठे लंगडतं ते कळत नाही. मला तुमचे डोळे हवे होते, असं मी इतकी वर्षं समजत होते. हवा होता तो तुमचा कान, आणि ती तुमची जिभेवर घोळवून शब्द पारखायची सवय. ती काही काचबिंदूने नेलेली नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. डॉक्टरीणबाईंनी मला मलकपेटच्या एका संस्थेचा पत्ता दिला होता, तिथे अंध माणसांना ब्रेल शिकवतात. तुम्ही तो कागद हातातही घेतला नाहीत, म्हणून मीच गेले. तिथले उदय सर स्वतः जन्मापासून अंध आहेत. तेलुगू आणि दखनी बोलतात, मराठी येत नाही, पण ठिपक्यांची अक्षरं आपल्या सगळ्या भाषांना बहुतेक एकच आहेत. आदिलाबादकडची काही मराठी मुलं त्यांच्याकडे आहेत आणि त्यांच्यासाठी मराठीची पुस्तकं ठिपक्यांत काढायची आहेत. त्यांचं सॉफ्टवेअर मजकूर ठिपक्यांत बदलतं, पण बरोबर बदललं की नाही ते कोण बघणार? ते मला म्हणाले, "मॅडम, चेक करनेवाला कोई नहीं है." मी घरी येऊन स्क्रिप्ट उघडली. ब्रेलमध्ये जोडाक्षरं जोडत नाहीत, आधी एक ठिपका देऊन शेजारी शेजारी मांडतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येत नाही, उच्चारतो तशी नंतर येते. पोरांना हे समजावता समजावता तुमचा जन्म गेला, तुम्हाला आवडेल. कमांडमधला तो अक्षराच्या आकाराचा आकडा मी काढून टाकला आणि त्या जागी एक नवा शब्द घातला. आता त्याच फाइलमधून शाईऐवजी ठिपक्यांचं पान निघतं. माझं पहिलं पान हे पत्र आहे. संस्थेच्या यंत्रावर जाड कागदावर ठिपके उठवून ते मी उदय सरांकडे ठेवणार आहे. सोमवारपासून ते तुम्हाला ब्रेल शिकवायला घरी येतील आणि बोटांना अक्षरं कळू लागली की हे पत्र तुमच्या हातात देतील. तुम्ही त्यांनाही 'असू दे' म्हणालात तर हे पत्र कुणीच वाचणार नाही, आणि मी तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. पण तुमचं बोट या ओळीवर असेल, तर अप्पा, ऐका. हे पत्र कुणी तपासलेलं नाही. मला ठिपके वाचता येत नाहीत आणि उदय सरांना मराठी कळत नाही. यात नक्की चुका आहेत आणि त्या शोधू शकेल असा माणूस सगळ्या हैदराबादेत मला एकच माहीत आहे. मी टेबल मोकळं करून ठेवलंय. वाचून झालं की मला हाक मारा. तुम्ही सांगा, मी दुरुस्त करते.

तुमचीच,
वंदना